शाळादुरुस्तीच्या पत्रव्यवहारातील कर्तृलोप

शाळेची चार कौले फुटली किंवा छपराचा एक पत्रा उचकटला, तर गवंड्याचे काम एका दिवसाचे असते. त्या कामाचा कागद मात्र पुष्कळदा वर्षभर हिंडतो. शिरूर व दौंड तालुक्यांतील शिक्षकांना या गाऱ्हाण्याची नव्याने ओळख करून देण्याचे कारण नाही. विलंबाची आर्थिक व प्रशासकीय कारणे आहेतच. प्रस्तुत टिपणात त्याच्या भाषिक अंगाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम कागदाचा मार्ग पाहू. मुख्याध्यापकाचा अर्ज केंद्रप्रमुखामार्फत पंचायत समितीतील गटशिक्षणाधिकाऱ्याकडे व तेथून बांधकाम उपविभागाकडे जातो. अभियंता पाहणी करून अंदाजपत्रक तयार करतो. त्यानंतर तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता आणि निधी हे टप्पे येतात. खोली मोडकळीस आली असेल, तर ती पाडण्यापूर्वी तिचे ‘निर्लेखन’ व्हावे लागते. म्हणजे भिंत जमिनीवर येण्याआधी ती नोंदवहीतून उतरावी लागते. हा भाग पर्जन्यछायेचा असल्यामुळे गळती पावसाळ्यातील थोडेच दिवस जाणवते. पाऊस ओसरला की निकड ओसरते, आणि ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपते.

आता या कागदावरील वाक्य पाहू. गावकरी म्हणतो, ‘वर्ग गळतो.’ अर्जात त्याचे ‘छताची गळती रोखणेबाबत’ असे होते. क्रियापद जाऊन विषय उरतो. पुढील प्रत्येक कार्यालय त्यावर ‘आपल्या स्तरावरून उचित कार्यवाही करण्यात यावी’ असा शेरा मारते. मराठीत भूतकाळी सकर्मक क्रियेचा कर्ता तृतीयान्त असतो: ‘अभियंत्याने पाहणी केली.’ येथे प्रयोग कर्मणी असूनही कर्ता वाक्यात उभा आहे. ‘पाहणी करण्यात आली’ या रचनेत तो सहज गळतो. आणायचाच तर ‘कडून’ लावून आणावा लागतो, आणि तसा तो क्वचितच आणला जातो. ‘करण्यात यावी’ या विध्यर्थात तर आज्ञा आहे, परंतु ती कोणास व कोणत्या मुदतीत, हे सांगितलेले नाही. हे वाक्य जसेच्या तसे पुढच्या कार्यालयाला उपयोगी पडते. म्हणूनच ते पुढे जात राहते.

ही रचना सर्वस्वी दोषास्पद आहे असे नव्हे. व्यक्ती बदलली तरी पद कायम राहते, ही प्रशासनाची गरज तीत व्यक्त होते. मात्र व्यक्तीचे नाव वगळणे निराळे आणि पदाचाही उल्लेख टाळणे निराळे.

कायद्याची भाषा या बाबतीत अधिक स्पष्ट आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम ९ मध्ये शाळेची इमारत पुरविण्याचे कर्तव्य ‘स्थानिक प्राधिकरणा’चे आहे, कर्ता तेथे नि:संदिग्ध आहे. कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत पालक बहुसंख्य असतात. मराठीस राज्यकारभाराची भाषा ठरविणारा महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे. मराठी कार्यालयात आली ती या पालकासही कागद वाचता यावा म्हणून. पण वाचूनही कोणास विचारावे हे त्याला कळत नसेल, तर तो हेतू अपुराच राहिला.

शिरूर तालुक्यातीलच वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेची नवी इमारत ग्रामस्थांच्या सहभागातून व खाजगी अर्थसाहाय्यातून उभी राहिली. तिच्याविषयी बोलताना ‘ग्रामस्थांनी’ हा तृतीयान्त कर्ता आपोआप वाक्यात येतो. परंतु प्रत्येक वाडीस असे साहाय्य मिळणे शक्य नाही, आणि त्यामुळे कायद्याने नेमलेला कर्ता मुक्तही होत नाही.

तात्पर्य, सुधारणेस नव्या परिभाषेची आवश्यकता नाही. ‘उप अभियंता अमुक तारखेपर्यंत पाहणी करतील’ हे साधे कर्तरी वाक्य पुरेसे आहे. त्याने छप्पर दुरुस्त होईलच असे नाही. परंतु ते न झाल्यास कोणाकडे जावयाचे, हे पालकास पत्रावरूनच कळेल.