किल्ली कोणाकडे?

एक काम करा. आज घरी जाताना बिल्डिंगच्या तळमजल्यावर दोन मिनिटं थांबा आणि बघा, 'सोसायटी ऑफिस', 'बालवाडी', 'वाचनालय' असं काही लिहिलेली एखादी खोली आहे का. बहुतेक असेल. तिला कुलूप असेल. फटीतून आत डोकावलात तर गेल्या वर्षीचं मखर, मांडवाचे बांबू, तीन पायांची प्लास्टिकची खुर्ची आणि कोणाच्या तरी लग्नात आणलेल्या गाद्या दिसतील. किल्ली कोणाकडे विचारलंत तर 'सेक्रेटरींकडे' असं उत्तर येईल, आणि सेक्रेटरी गावी गेलेले असतील.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे, इंटिरियर डिझाइनच्या दुसऱ्या वर्षातल्या चार जणांनी अख्खं सेमिस्टर अशाच एका खोलीवर घालवलं. तीन मुली, एक मुलगा. त्यांच्या शेवटच्या ज्युरीला मी मागच्या बाकावर बसले होते, आणि नंतर त्या इमारतीतही जाऊन आले. कोणाचीच नावं देत नाहीये, इमारतीचंही नाही. तिथल्या मुलींनी तशी अटच घातली होती. का, ते पुढे कळेल.

आधी थोडं बॅकग्राऊंड. डिझाइनवाल्यांचा 'स्टुडिओ' म्हणजे फोटो काढायची जागा नाही हं. तो त्यांचा मुख्य विषय असतो. एक साइट मिळते, सेमिस्टरभर त्यावर काम करायचं, दर आठवड्याला शिक्षकांकडून शिव्या खायच्या (ते याला 'क्रिट' म्हणतात) आणि शेवटी शीट्स, मॉडेल घेऊन बाहेरच्या ज्युरीसमोर उभं राहायचं. यंदाचा विषय होता, लोकांनी मिळून वापरायची जागा. या चौघांच्या वाट्याला आली मुंबईच्या पूर्व उपनगरातली सात मजल्यांची एक एसआरए इमारत. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या योजनेत घरांबरोबर बालवाडी, वेल्फेअर सेंटर, सोसायटी ऑफिस अशा सामायिक खोल्याही बांधाव्या लागतात. योजनेत मोफत मिळणारं घर आधी २२५ चौरस फुटांचं होतं, मग २६९ झालं, आता ३००. ही इमारत २२५ च्या जमान्यातली. आणि 'बालवाडी' अशी पाटी असलेली खोली १२ बाय २० फुटांची, म्हणजे वरच्या एका घरापेक्षा जराशी मोठी. एवढीशी खोली आणि तिच्यावर हक्क सांगणारी सगळी इमारत.

पहिलं डिझाइन कसं होतं, सांगू? तुम्ही ओळखालच. बीनबॅग, पिवळे लोंबते दिवे, एका भिंतीवर म्युरल, 'रीडिंग नूक' आणि पॅसेजकडची भिंत पाडून जमिनीपासून वरपर्यंत काच. रेंडर तर असा भारी की कोणीही स्टेटसला ठेवावा. क्रिटला मॅडमनी एकच प्रश्न विचारला म्हणे, इथे कॉफी केवढ्याला?

मग त्यांना पुन्हा साइटवर पाठवलं, यावेळी टेप न घेता. नुसतं बसायचं आणि लिहायचं की किती वाजता, कोण, कुठे, किती वेळ बसतं. मला वाटतं या प्रोजेक्टमधलं सगळ्यात मोलाचं काम तेच होतं, पण मार्कांच्या तक्त्यात त्याला वेगळा रकानासुद्धा नाही.

त्यांच्या वहीत काय सापडलं ते बघा. दुपारी बायका जिन्याच्या पायऱ्यांवर, लसूण सोलत. संध्याकाळी पुरुष गेटजवळच्या कट्ट्यावर. मुलगे पार्क केलेल्या बाइक्सवर, रात्री अकरापर्यंत. आणि आठवी ते बारावीतल्या मुली? त्या बसलेल्या अशा कुठेच नव्हत्या. त्या उभ्या होत्या. जिन्याच्या लँडिंगवर, पाण्याच्या टाकीजवळ, आणि जवळपास प्रत्येकीच्या हातात काहीतरी. दुधाची पिशवी, बादली, धाकटा भाऊ. म्हणजे कोणी हटकलंच तर खाली येण्याला काहीतरी कारण हवं. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं 'व्हाय लॉयटर' हे २०११ चं पुस्तक मुंबईतल्या बायकांबद्दल हेच सांगतं की, बाहेर वावरायचं तर आपण 'कामासाठी' बाहेर आहोत हे बाईला सतत दाखवत राहावं लागतं. आमच्या कोर्सला ते वाचलं होतं तेव्हा मला वाटलं, ही रस्त्यावरची गोष्ट आहे. ती स्वतःच्या बिल्डिंगच्या जिन्यावरही लागू असते, हे त्या वहीत पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं.

यातल्या दोघी दहावीला होत्या. घरी पाच माणसं, एक टीव्ही. अभ्यास लँडिंगवर, उभ्याने. सदाशिव पेठेत महिन्याचे पैसे भरून अभ्यासिकेत खुर्ची मिळते, ते इथे कोणाला परवडणार?

तुम्ही म्हणाल, चाळीत कुठे अशा खोल्या होत्या? बरोबर. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या बीडीडी चाळी घ्या. १९२० च्या दशकात बांधलेल्या. खोली १६० चौरस फुटांची, एका मजल्यावर २० खोल्या, मधोमध पॅसेज. तो पॅसेज हीच मोठी खोली. वाळवणं तिथे, अभ्यास तिथे, भांडणंही तिथेच. त्याला कुलूप लावायचा प्रश्नच नव्हता, कारण त्याला दारच नव्हतं. (त्या आठवणींत फार रमू नका, मजल्याच्या टोकाला सामायिक संडासाची रांगही होती.) आता टॉवरमध्ये घर मोठं होतं, संडास आत येतो, आणि पॅसेज लिफ्टपर्यंत चालण्यापुरता उरतो. मग सगळ्यांचं म्हणून जे काही होतं, ते एका खोलीत बसवायचं. आणि खोली म्हटली की दार आलं, दार आलं की कुलूप.

तर आपल्या चौघांनी वही घेऊन कमिटीची मीटिंग गाठली. त्यांना वाटलं होतं, चर्चा रंगांवर होईल, टाइल्सवर होईल. पाऊण तास एकाच विषयावर गेला, किल्ली कोणाकडे राहणार. सेक्रेटरींकडे राहिली तर बालवाडीच्या ताईंना रोज तिसऱ्या मजल्यावर जावं लागतं. ताईंकडे दिली तर शनिवारच्या भजनी मंडळाने काय करायचं? मंडळाच्या पोरांकडे दिली तर... इथे सगळ्याच काकूंनी एकदम मान हलवली.

त्यावर या मुलांनी जे केलं ते मला फार आवडलं. त्यांनी विचार केला, कुलूप कशासाठी लावतात? आतल्या सामानासाठी. मखर, स्पीकर, बालवाडीची खेळणी, भजनी मंडळाचा पखवाज. मग कुलूप सामानालाच लावूया की! मागच्या भिंतीला पाच फूट खोल भाग वेगळा काढला, त्यावर माळा, खाली तीन कपाटं, तीन कुलपं, तीन किल्ल्या. बालवाडी, भजनी मंडळ, गणपती मंडळ. पुढचा १२ बाय १५ चा भाग रिकामा. चोरण्यासारखं तिथे काहीच ठेवायचं नाही, म्हणजे तो बंद ठेवायचं कारणही राहत नाही.

'काहीच नाही' हेही सोपं नव्हतं. त्यांना सुट्या खुर्च्या हव्या होत्या. विल्यम व्हाइट नावाच्या माणसाने न्यूयॉर्कमधल्या चौकांचं चित्रीकरण करून १९८० मध्ये एक पुस्तक लिहिलं. त्यातलं एक निरीक्षण असं की, सुटी खुर्ची दिली की माणूस बसण्याआधी ती इंचभर का होईना सरकवतो. जागा 'आपली' करायची ती पद्धत. वर्गात हे शिकवलेलं. पण तळमजल्यावरच्या काकू हसायला लागल्या. सुट्या खुर्च्या पहिल्या बारशाला वर जातील त्या परत यायच्या नाहीत! शेवटी भिंतीला धरून कडप्प्याचा ओटा आणि खाली सतरंज्या असं ठरलं. प्लायवूडही बाद, कारण तळमजल्याला ओल येते आणि वाळवी लागते. कपाटं लोखंडी अँगलवर, जमिनीपासून फूटभर वर. सगळं दीड लाखाच्या आत बसवायची अट होती, त्यामुळे पिवळे दिवे तर आपोआपच गेले. त्यांच्या जागी साध्या ट्यूबलाइट, पण ओट्याच्या बरोबर वर, वाचताना स्वतःचीच सावली वहीवर पडणार नाही अशा.

आता काचेची गोष्ट. ज्युरीत हीच सगळ्यात जास्त गाजली. डिझाइनच्या पुस्तकात काचेची भिंत म्हणजे सुरक्षितता. आत काय चाललंय ते बाहेरून दिसतं, म्हणून आतले सुरक्षित. मुलींना मॉडेल दाखवलं तेव्हा त्या गप्प बसल्या. मग एकजण म्हणाली, "एवढं दिसलं तर आम्ही येणारच नाही." येणारा-जाणारा बघणार, कोण कोणाशेजारी बसलंय ते वर जाऊन सांगणार, आणि आठवड्याभरात 'खाली जायचं नाही' हा हुकूम निघणार. त्यांना नावं का नको होती, ते आता लक्षात आलं असेल.

पण पूर्ण भिंतही नको. बंद खोलीत मुली बसल्यात म्हटल्यावर त्यांच्या आयाच पाठवणार नाहीत. उत्तर निघालं ते इंचांत. खुर्चीएवढ्या उंचीवर बसलेल्या बाईचे डोळे जमिनीपासून साधारण साडेतीन-पावणेचार फुटांवर येतात. म्हणून भिंत चार फुटांपर्यंत विटांचीच ठेवायची आणि त्यावर जाळी. पॅसेजमधून जाणाऱ्याला कळतं की दिवा चालू आहे, आत माणसं आहेत. कोण कोणाचं पुस्तक वाचतंय, ते मान उंचावून बघितल्याशिवाय कळत नाही, आणि मान उंचावणारा माणूस सगळ्यांना दिसतो. जमिनीवर सतरंजीवर बसलं तर आणखी बरं. भिंत पाडता येईल का, हेही विचारलं गेलं. इमारत आरसीसीच्या खांबांवर उभी असल्याने ती वीटभिंत नुसती भरावाची आहे, पण तरी इंजिनिअरचं पत्र आणि कमिटीची लेखी परवानगी लागणारच. मुलांनी ते शीटवर लिहून आणलं होतं. ज्युरीतले एक सर ते वाचून पहिल्यांदा हसले.

मार्क चांगले पडले. आणि इथे बहुतेक स्टुडिओ प्रोजेक्ट संपतात. शीट्स गुंडाळून पलंगाखाली जातात, सनबोर्डची मॉडेल्स डिपार्टमेंटच्या कपाटावर धूळ खातात. ज्या लोकांनी आठवडे-आठवडे माहिती दिली, चहा पाजला, ते वाट बघत राहतात. मला हे खटकतं. अमेरिकेत अलाबामा राज्यात ऑबर्न विद्यापीठाचा 'रुरल स्टुडिओ' आहे. सॅम्युअल मॉकबी आणि डी. के. रुथ या दोघांनी १९९३ मध्ये सुरू केलेला. तिथे विद्यार्थी कागदावर थांबत नाहीत, ग्रामीण भागात राहून डिझाइन केलेलं स्वतः बांधतात. न्यूबर्न नावाच्या छोट्या गावात बँकेच्या जुन्या इमारतीचं त्यांनी वाचनालय केलंय. आपल्याकडे सेमिस्टरच्या वेळापत्रकात हे बसवणं कठीण आहे, मान्य. पण निदान शेवटची ज्युरी त्या बिल्डिंगमध्येच घ्यायला काय हरकत आहे? दीड तासाचा तर प्रश्न आहे.

इथे झालं ते असं. चौघांपैकी दोघी मे महिन्याच्या सुट्टीत पुन्हा गेल्या. कमिटीने माळ्याला आणि कपाटांना हो म्हटलं, कारण त्याचा मंडळालाही फायदा होता. पैसे वर्गणीतून आले, काम जवळच्याच फॅब्रिकेटरने केलं. मखर माळ्यावर गेलं आणि जमीन मोकळी झाली. भिंतीला मात्र नकार मिळाला. खोली रात्रभर उघडी राहिली तर पोरं दारू प्यायला बसतील, ही भीती काही खोटी नाही. तेव्हा दार अजून आहे, कुलूपही आहे. पण किल्ली आता सेक्रेटरींकडे नाही. समोरच्याच घरातल्या काकूंकडे आहे, आणि संध्याकाळी सहा ते नऊ त्या दार उघडून ठेवतात.

मी गेले तेव्हा मंगळवारचे सात वाजले होते. सतरंजीवर पाच मुली होत्या. दार अर्धं लोटलेलं. पॅसेजकडच्या खिडकीच्या तावदानांवर त्यांनी वर्तमानपत्रं चिकटवली होती, पण सगळीकडे नाही. जमिनीपासून बरोबर चार फुटांपर्यंत. (त्यात आपलाही पेपर होता, क्रीडा पान.) डिझाइनमधला आकडा त्यांच्या पक्का लक्षात होता.

सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. यंदाच्या विषयपत्रिकेत भिंतीचा विषय सातवा आहे. मुलींना मत नाही, घर त्यांच्या नावावर नसतं. त्यांच्यातल्या एकीच्या आईने सभेत बोलायचं कबूल केलंय, आणि काय बोलायचं ते मुलींनी तिला वहीत लिहून दिलंय.