बांधाखालची काचेची तार

आपल्या ग्रामपंचायतीपर्यंत आलेली काळी केबल आपण पाहिली असेलच. गावोगाव ती नेण्याच्या योजनेला केंद्र सरकारने २०११ मध्ये मंजुरी दिली. पुढे तिचे नाव भारतनेट झाले. या केबलच्या आत काचेचे तंतू असतात, एकेक जेमतेम एक अष्टमांश मिलिमीटर जाडीचा. सातबारा, पीकविमा, बाजारभाव हे सारे त्यातून प्रकाशाच्या रूपाने येते. पुण्यात दोन टेलिफोन एक्स्चेंज जोडणारी अशी तार १९७९ मध्येच सुरू झाली होती. शेजारी छत्रपती संभाजीनगरला तर असे तंतू ओढणारा कारखाना आहे.

काच कितीही निर्मळ असली तरी वाटेत प्रकाश झिजतो. मुळा कालव्याच्या टेलला ज्यांची जमीन आहे, त्यांना ही झीज समजावून सांगायला नको. १९७० साली अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीने केलेल्या तंतूत एका किलोमीटरनंतर प्रकाशाचा शंभरावा भाग तरी उरे, आणि तेवढ्यावरच शास्त्रज्ञ हरखून गेले होते. आज तेवढी घट व्हायला शंभर किलोमीटर लागतात.

पूर्वी मंदावलेल्या प्रकाशाची ठिकठिकाणी वीज करून पुन्हा प्रकाश करावा लागे. म्हणजे पाइपलाइनचे पाणी हौदात सोडायचे आणि दुसऱ्या मोटरीने पुन्हा उचलायचे. १९८७ च्या सुमारास इंग्लंड-अमेरिकेतील संशोधकांनी तंतूच्या काचेत एर्बियम नावाचे मूलद्रव्य किंचित मिसळून हा खटाटोप वाचवला. त्या तंतूत ९८० नॅनोमीटरचा प्रकाश सोडला की एर्बियमचे अणू शक्ती साठवतात आणि जवळून जाणाऱ्या निरोपाच्या प्रकाशाला देऊन टाकतात. या प्रकाशालाही शास्त्रज्ञ ‘पंप’च म्हणतात! अशाच तंतूच्या दोन टोकांना आरसे बसवून प्रकाश आतल्या आत खेळवत वाढवला की फायबर लेसर तयार होतो. लोखंडी पत्रा कापणाऱ्या नव्या यंत्रांत त्याचाच भाऊबंद असतो, फक्त एर्बियमऐवजी यटर्बियम घातलेला.

एका तंतूतून अनेक रंगांचे प्रकाश एकाच वेळी जातात. प्रत्येक रंगाचा निरोप वेगळा. फाट्यावर एकाच रंगाचे दोन निरोप एकत्र आले तर? साखर कारखान्यावर दोन उसाच्या गाड्यांना एकच टोकन आले तर काय करतात? एकीचे टोकन बदलतात, ऊस तोच राहतो. निरोपाचा रंग बदलण्याचे कामही तसेच आहे. बहुतेक ठिकाणी अजून ते प्रकाशाची वीज करूनच होते. प्रयोगशाळांत मात्र खास तंतूत दुसरा जोरदार प्रकाश सोडून, दोघांच्या मिश्रणातून तोच निरोप नव्या रंगावर उतरवतात.

आता आपल्या कामाचे. पाइपलाइनसाठी चर खोदताना पोकलेनवाल्याने ही तार तोडली, आणि पीकविम्याची मुदत दोन दिवसांवर आलेली असली, तर नुकसान आख्ख्या गावाचे होते. म्हणून रस्त्याकडेला किंवा गावठाणाजवळ खोदण्याआधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे तारेची वाट विचारून घ्या. तार तुटलीच तर तिला चिकटपट्टी लावून उपयोग नाही. काच वितळवून जोडणारे यंत्र लागते, तेव्हा लगेच कळवा. आणि तुटलेल्या टोकात डोकावू नका, मुलांना तर जवळ फिरकूही देऊ नका. आपला डोळा साधारण ७०० नॅनोमीटरपर्यंतचाच प्रकाश पाहतो. हा त्याच्या बराच पलीकडचा असतो. टोक काळे दिसले तरी आत प्रकाश चालू असू शकतो, आणि काचेची कुसळे बोटात शिरली तर काट्यासारखी दिसतही नाहीत.