दीर्घ पल्ल्याची शर्यत आणि विदर्भाचे ऊन

शर्यत म्हटली की वेग ही कल्पना प्रथम मनात उभी राहते. परंतु ज्या शर्यती तासांनी नव्हे तर दिवसांनी मोजावयाच्या असतात, त्यांत वेगाचे स्थान दुय्यम होय. शरीरातील उष्णता, पाणी, इंधन आणि झोप या चार गोष्टींचा जमाखर्च दिवसेंदिवस बिघडू न देणे, हीच तेथील खरी कसोटी. हा जमाखर्च हौशी क्रीडापटू कसा शिकतो, त्यामागील शरीरक्रिया कोणती आणि नागपूरसारख्या उष्ण शहरात त्या शिक्षणाला कोणते विशेष महत्त्व प्राप्त होते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

आरंभी एक उदाहरण घेऊ. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सायकलने जाण्याची 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही शर्यत १९८२ साली चार स्पर्धकांनिशी सुरू झाली. तिचे अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर असून पन्नाशीच्या आतील एकट्या पुरुष स्पर्धकास ते १२ दिवसांत तोडावे लागते. २०१५ साली नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी दोघांच्या संघाने ती पूर्ण केली. २०१७ साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि सैन्यदलातील डॉ. श्रीनिवास गोकुलनाथ या दोघांनी ती एकेकट्याने, मुदतीच्या आत पुरी केली. पुढील वर्षी डॉ. समर्थ यांनी मॉस्को ते व्लादिवोस्तोक हे सुमारे ९,१०० किलोमीटरचे टप्प्याटप्प्यांचे अंतरही पार केले. हे चौघेही वैद्यकीय व्यवसायातील आहेत, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पोटापाण्याचा उद्योग सांभाळून केलेली ही साधना आहे. 'हौशी' या शब्दाचा खरा अर्थ तोच.

आता या अंकांकडे जरा बारकाईने पाहू. १२ दिवसांत ४,८०० किलोमीटर म्हणजे दररोज ४०० किलोमीटर. थांबे आणि झोप धरून ताशी १७ किलोमीटरांहूनही किंचित कमी. रोज कामावर सायकलने जाणाऱ्या माणसाला या वेगाचे कौतुक वाटणार नाही. अवघड आहे ते तो वेग दिवसामागून दिवस टिकविणे. मार्ग आरंभीच वाळवंटातून जातो. पुढे कोलोरॅडोतील वुल्फ क्रीक खिंडीत तो ३,३०९ मीटर उंची गाठतो. नंतर कॅन्ससची वाऱ्याने झोडपलेली मैदाने आणि अखेरीस, शरीर थकलेले असताना, अॅपलाशियन पर्वताचे चढउतार. ज्याच्या अंगी केवळ बळ आहे तो यांतील एखादा टप्पा जिंकील; शेवट गाठण्यास निराळी तयारी लागते.

ही तयारी कशी होते? समजा, नंदनवनात राहणारा एखादा प्राध्यापक वा कारकून या मार्गास लागला आहे. सकाळी दहाला त्यास कामावर हजर व्हावयाचे आहे. आठवड्यातून आठदहा तासांहून अधिक वेळ त्याच्यापाशी नाही. तो पहाटे चारला दिघोरीमार्गे उमरेडच्या रस्त्याला लागतो. रविवारी तेवढा लांबचा पल्ला घेतो. फ्रान्समध्ये रूढ झालेल्या 'ब्रेव्हे' पद्धतीत अशा माणसासाठी एक शिडीच बांधून ठेवलेली आहे : २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर २० तासांत, ४०० किलोमीटर २७ तासांत आणि ६०० किलोमीटर ४० तासांत. या उपक्रमात क्रमांक लावीत नाहीत. दिलेल्या मुदतीत पोहोचला तो उत्तीर्ण. प्रत्येक पायरीवर एक नवी अडचण पुढे येते. २०० किलोमीटरांत बैठक आणि मनगटे दुखतात, ३०० किलोमीटरांत पोट तक्रार करते, ४०० किलोमीटरांत रात्र आडवी येते, आणि ६०० किलोमीटरांत झोपेशी तह करावा लागतो. एकेक अडचण वेगळी करून तिचा अभ्यास करण्याची ही रीत प्रयोगशाळेतील रीतीपेक्षा फारशी भिन्न नाही.

प्रथम इंधनाचा विचार करू. शरीरात यकृत आणि स्नायू मिळून साठविलेले ग्लायकोजेन साधारणतः ४०० ते ५०० ग्रॅम असते. त्यापासून मिळणारी ऊर्जा फार तर २,००० किलोकॅलरी. सडपातळ माणसाच्या अंगीही मेदाचा साठा मात्र याच्या कित्येक पट असतो. आता आमच्या दीर्घ शर्यतीतील सायकलस्वार सरासरी १२० वॅट शक्तीने दिवसाचे १९ तास पायटा मारतो असे धरले आणि स्नायूंची कार्यक्षमता शेकडा २३ मानली, तर त्याचा रोजचा खर्च साडेआठ हजार किलोकॅलरींच्या घरात जातो. आतड्यांतून ताशी ६० ते ९० ग्रॅमच शर्करा शोषली जाऊ शकते. म्हणजे १९ तासांत साडेचार ते पावणेसात हजार किलोकॅलरी. उरलेली तूट मेदातून भरून काढण्यावाचून गत्यंतर नाही. मंद गतीने केलेल्या दीर्घ सरावाचे प्रयोजन येथे स्पष्ट होते. १९६७ साली हॉलोझी यांनी उंदरांवर प्रयोग करून दाखविले की, दीर्घकाळ धाववल्याने स्नायुपेशींतील मायटोकाँड्रियांची क्षमता सुमारे दुप्पट होते. असा स्नायू अधिक मेद जाळतो आणि ग्लायकोजेन राखून ठेवतो. नवशिका रोज जिद्दीने वेगात जातो व या लाभाला मुकतो. जाणता आपला वेग आवरतो.

झोपेचा हिशेब याहून कठोर आहे. डॉसन व रीड यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, सतत १७ तास जागलेल्या माणसाचे हस्तकौशल्य रक्तात शेकडा ०.०५ मद्यार्क असलेल्या माणसाइतके मंदावलेले आढळले; २४ तासांनंतर ते शेकडा ०.१० मद्यार्काच्या पातळीस उतरले. तेव्हा रात्रभर सायकल चालविणारा हा हमरस्त्यावरील अर्धवट शुद्धीतला वाटसरू होय. मोठ्या शर्यतीत त्याच्या मागे पथकाची मोटार असते. उमरेडच्या रस्त्यावर असतात त्या फक्त मालमोटारी. झोप आली असता थांबणे हा दुबळेपणा नव्हे, तर साधनेचाच भाग आहे, हे हौशी माणसास पुनःपुन्हा सांगावे लागते.

परंतु विदर्भातील क्रीडापटूचा खरा प्रतिस्पर्धी म्हणजे ऊन. मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांवर जाणे नवे नाही. या तापमानात शरीराची अडचण कोणती, ते एका साध्या गणिताने कळते. १५० वॅट शक्तीने सायकल चालविणाऱ्याच्या शरीरात सुमारे ५०० वॅट इतकी उष्णता निर्माण होते. कारण खर्च झालेल्या ऊर्जेचा चौथा हिस्साही पायट्यापर्यंत पोहोचत नाही. हवा त्वचेहून थंड असेल तर यांतील काही उष्णता वाऱ्याबरोबर निघून जाते. ४५ अंशांत मात्र त्वचा सुमारे ३५ अंशांवर असते, आणि तोच वारा अंगात उष्णता भरू लागतो. मग घामाचे बाष्पीभवन हा एकच उपाय उरतो. एक लिटर घाम पूर्णपणे वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता नेतो. म्हणजे स्वतःच्या श्रमाची उष्णता घालविण्यासच ताशी पाऊण लिटर घाम लागला; उन्हाची आणि तापलेल्या डांबराची भर निराळी. येथे एक सूक्ष्म गोष्ट आहे. मे महिन्यातील कोरड्या हवेत घाम दिसत नाही, कारण तो तत्काळ उडून जातो. जूनच्या पहिल्या सरींनंतर पारा उतरतो, पण घाम अंगावरून नुसता ओघळतो. ओघळलेला घाम शरीरास थंड करीत नाही. म्हणून ४५ अंशांहून ३७ अंशांचा दमट दिवस कधी कधी अधिक घातक ठरतो, आणि केवळ पारा पाहून सराव ठरविणारा फसतो.

उन्हाची सवय होते, असे आपण म्हणतो. ही सवय मनाची तितकीच, किंबहुना अधिक, रक्ताची आहे. उष्णतेत रोज तासदीड तास श्रम केले असता पहिल्या आठवड्यातच रक्तद्रवाचे प्रमाण वाढते, त्यामुळे हृदयाचे ठोके उतरतात. घाम लवकर सुटतो, अधिक सुटतो आणि त्यातील क्षार कमी होतात. दहा ते चौदा दिवसांत हे अनुकूलन बहुतांशी पुरे होते. सराव सोडला तर काही आठवड्यांत ते ओसरते. केवळ नागपुरात राहिल्याने ते पुरेसे येत नाही. दिवसभर कूलरखाली बसणारा नागपूरकर उन्हाच्या बाबतीत जवळजवळ परगावचाच असतो.

पाण्यासंबंधी दोन्ही बाजूंनी चूक संभवते. विंडहॅम व स्ट्रायडम यांनी १९६९ साली अपुऱ्या पाण्याचा धोका दाखवून दिला. पुढे काटा उलट बाजूस झुकला. २००२ सालच्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी शेकडा १३ जणांच्या रक्तातील सोडियम गरजेहून कमी भरले, आणि त्याचा संबंध मुख्यतः अतिरिक्त द्रवपानाशी आढळला. म्हणून सरावाच्या आधी व नंतर स्वतःस तोलून पाहणे ही साधी युक्ती उत्तम. वजन फार घटले तर पाणी कमी पडले. वजन वाढले तर ते निश्चितच जास्त झाले. मीठ व साखर घातलेले पन्हे आपल्याकडे उन्हाळ्यात घरोघरी होते. त्यात तहान, क्षार आणि शर्करा या तिन्हींची सोय आहे.

येथवरचे विवेचन वाचून कोणी म्हणेल की, मूठभर हौशी लोकांच्या छंदासाठी एवढा खटाटोप कशाला? याचे उत्तर या शास्त्राच्या इतिहासातच आहे. उष्णतेच्या अनुकूलनाचे पद्धतशीर प्रयोग मैदानावर सुरू झाले नाहीत. दक्षिण आफ्रिकेतील खोल सोन्याच्या खाणींत मजूर उष्माघाताने मरू लागले, तेव्हा १९३० नंतरच्या दशकात ड्रेओस्टी यांनी मजुरांना क्रमाक्रमाने उष्णतेची सवय लावण्याची रीत तपासली. ओल्या फुग्याचा तापमापक, काळा गोल आणि साधा तापमापक यांची सांगड घालणारा निर्देशांक १९५० नंतरच्या दशकात अमेरिकन नौसैनिकांच्या शिबिरांसाठी याग्लू व मिनार्ड यांनी तयार केला. मजूर आणि सैनिक यांच्या मृत्यूंतून मिळालेले हे ज्ञान आज खेळाडूच्या मनगटावरील घड्याळापर्यंत पोहोचले आहे. ते ज्याच्याकडून आले त्याच्याकडे परत गेले काय, हा प्रश्न आहे.

पहाटे उमरेडच्या रस्त्याने परतणाऱ्या सायकलस्वारास वाटेत बांधकामावर निघालेले मजूर भेटतात. तो घरी जाऊन सावलीत बसणार; त्यांचे श्रम आता सुरू होणार. आज ऊन फार आहे, सराव नको, असे म्हणण्याची त्यास मुभा आहे, त्यांना नाही. अमेरिकेतील नोंदींवरून असे दिसते की, कामावरील उष्माघाताचे बहुसंख्य मृत्यू कामाच्या पहिल्या आठवड्यातच घडतात. म्हणून नव्या मजुरास पहिल्या दिवशी उष्णतेतील कामाचा पाचवा हिस्साच द्यावा व पुढे रोज तेवढीच वाढ करावी, अशी तेथे शिफारस आहे. ब्रेव्हेच्या शिडीचेच हे तत्त्व. अहमदाबादेत २०१३ साली व नागपुरात २०१६ साली उष्णतेशी सामना देण्याच्या योजना आखल्या गेल्या, हे स्वागतार्ह आहे. तथापि नव्या माणसाची पहिली दहा दिवसांची चढण, हा मुद्दा कंत्राटदाराच्या हजेरीपटावर उतरेल तेव्हाच ते ज्ञान सार्थकी लागले असे म्हणता येईल.

एक गोष्ट खेळाडू व मजूर दोघांनाही समान लागू आहे. श्रम करीत असता जो बरळू लागतो, अडखळतो वा कोसळतो, त्याच्या शरीराचे तापमान ४० अंशांवर गेले असण्याचा संभव गृहीत धरावा. रुग्णालयास कळवावे, पण गाडीची वाट पाहत बसू नये. मिळेल त्या थंड पाण्यात त्यास, डोके वर धरून, तत्काळ बुडवावे, तशी सोय नसल्यास सर्वांगावर पाणी ओतीत वारा घालावा. आधी थंड करणे, मग हलविणे, हा क्रम प्राण वाचवितो.

आमच्या विद्यापीठांतून शरीरक्रियाशास्त्र, शारीरिक शिक्षण आणि समाजकार्य या शाखा बहुधा एकमेकींपासून दूर नांदतात. हौशी क्रीडापटू स्वतःच्या अंगावर प्रयोग करून नोंदी ठेवतो : वजन, नाडी, घाम, झोप. अशाच नोंदी एखाद्या बांधकामावरील दहा मजुरांच्या, त्यांच्या संमतीने, एका उन्हाळ्यात ठेवणे हे पदव्युत्तर प्रबंधास पुरेसे आणि गरजेचे काम आहे. त्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. एक तराजू, एक घड्याळ आणि ओल्या फुग्याचा एक तापमापक पुरे.