कलेचा कोर्स निवडताय? ‘स्कोअरिंग आहे का’ हे शेवटी विचारा

आजचा भाग कानाला हेडफोन न लावता वाचणाऱ्यांसाठी इथे लिहून देतोय. फर्स्ट इयरच्या बऱ्याच जणांचे मेसेज आलेत आणि प्रश्न साधारण एकच आहे: “दादा, इलेक्टिव्हमध्ये चित्रकला, नाटक, संगीत असं काय काय दिसतंय. कुठलं घेऊ?” आणि लगेच पुढची ओळ, “स्कोअरिंग कुठलंय?”

आधी माझी गोष्ट सांगतो. बीटेकला असताना माझ्यासमोर दोन पर्याय होते. एक होता प्राथमिक रेखाटन, दुसरा कला-रसास्वाद. सीनियर म्हणाला, “दुसरा घे, आदल्या रात्री नोट्स वाचल्या तरी चालतं.” मी ऐकलं. ग्रेड मस्त आली, पण आज त्यातलं एक चित्र आठवत नाही. माझ्या रूममेटने रेखाटन घेतलं. त्याला ग्रेड माझ्यापेक्षा कमी पडली, पण तो अजूनही लोकलमध्ये बसून माणसांची स्केचेस काढतो. आणि मी? सव्विसाव्या वर्षी फी भरून शनिवारच्या ड्रॉइंग क्लासला गेलो. शेजारी आठवीतली मुलं, आणि त्यांचे हात माझ्यापेक्षा साफ! जे मला कॉलेजच्या फीमध्येच मिळत होतं, ते मी नोकरी लागल्यावर विकत घेतलं.

आता तुमच्याकडे काय आहे ते बघू. महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे २०२३ च्या शासन निर्णयात पदवीचा जो आराखडा आला, त्यात कलेसाठी मुख्यतः दोन दारं आहेत. एक, ओपन इलेक्टिव्ह. हा विषय तुमच्या मुख्य विद्याशाखेच्या बाहेरचाच घ्यायचा असतो. दुसरं, को-करिक्युलर. त्यात खेळ, योग, एनएसएस, एनसीसी यांच्या बरोबरीने दृश्यकला आणि प्रयोगकलाही येतात. म्हणजे सायन्स-कॉमर्सवाल्यांनाही कला घेता येते. फक्त प्रत्येक कॉलेजची यादी वेगळी, त्यामुळे मित्राच्या कॉलेजातलं ऐकून ठरवू नका.

निवडायचं कसं? मी चार गोष्टी बघायला सांगेन.

पहिली, तास. सर्वसाधारणपणे थिअरीचं १ क्रेडिट म्हणजे सेमिस्टरला १५ तास आणि प्रॅक्टिकलचं १ क्रेडिट म्हणजे ३० तास. म्हणून २ क्रेडिटचा कोर्स थिअरीचा असेल तर ३० तास, प्रॅक्टिकलचा असेल तर ६०. क्रेडिट तेवढेच, वेळ दुप्पट. हे बघूनच लोक पळतात. पण नवशिक्याच्या हाताला वळण लागतं ते त्या जास्तीच्या तासांतच.

दुसरी, मार्क कशाला आहेत. सिलॅबसच्या शेवटी मूल्यमापनाचा तक्ता असतो, तो आधी वाचा. फक्त लेखी परीक्षा, की स्केचबुक, पोर्टफोलिओ, छोटं सादरीकरण? स्केचबुकला मार्क असतील तर दर आठवड्याला काहीतरी काढावंच लागेल. रसास्वादाचा कोर्सही वाईट नसतो हं, उगाच गैरसमज नको. तिथे एवढंच विचारा की प्रत्यक्ष चित्रं बघायला नेतात का आणि बघितलेल्यावर लिहायला लावतात का. मुंबईत असाल तर काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी आहेच. स्लाइड बघणं वेगळं आणि चित्रासमोर दहा मिनिटं उभं राहणं वेगळं.

तिसरी, लेव्हल. ‘पूर्वज्ञान आवश्यक’ असं लिहिलंय का ते बघा. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिली नव्हती, म्हणून घाबरायचं कारण नाही. प्राथमिक कोर्स तुमच्यासाठीच असतो.

चौथी, खर्च आणि वेळापत्रक. रंग, कागद, वाद्य कोण देणार? प्रॅक्टिकलचा स्लॉट तुमच्या लॅबवर आदळतोय का? बदल करायची शेवटची तारीख कोणती? पहिल्या दोन तासांना बसा आणि त्या तारखेच्या आत ठरवा.

काही जण म्हणतील, “कोर्स कशाला, कॉलेजचा ग्रुप आहे की!” ग्रुप जरूर करा. पण पुरुषोत्तम किंवा फिरोदिया करंडकाला उतरलेल्या टीमला जिंकायचं असतं. तिथे मोठा रोल येणाऱ्यालाच मिळतो, नवखा बहुधा सेट उचलतो. त्यातूनही शिकायला मिळतं, नाही असं नाही. पण चुकीचा सूर लावायची, वाकडी रेघ काढायची आणि तरीही “परत कर” असं कोणीतरी शांतपणे सांगायची जागा म्हणजे वर्ग. नोकरी लागल्यावर अशी जागा मिळणं अवघड. ऑफिसात आपल्याला जे येतं तेच करायचे पैसे मिळतात.

बरं, सीजीपीएची काळजी खोटी नाही. स्कॉलरशिप ग्रेडवर अवलंबून असेल तर हिशोब कराच. २ क्रेडिटच्या विषयात एक ग्रेड खाली आली तर एकूण किती फरक पडतो, ते कॅल्क्युलेटरवर मांडून बघा. माझ्या वेळी मी तो हिशोब केलाच नाही, नुसता घाबरलो.

तर आज रात्री एवढंच करा: कॉलेजच्या साइटवरून सिलॅबसची पीडीएफ उतरवा आणि शेवटचा मूल्यमापनाचा तक्ता वाचा. त्यात तुमच्या हाताला काय काम आहे, ते मला व्हॉइस नोटवर सांगा. पुढच्या भागात त्यातल्या काहींवर बोलू. भेटूया!