घाटावरचा आणि घाटाखालचा बुलढाणा



आपल्या जिल्ह्यात नवख्या माणसाची ओळख करून घेताना नावगाव विचारून झाले, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ‘घाटावरचे की घाटाखालचे?’ सोयरीक जुळवताना हा प्रश्न निघतो, नोकरीतील बदलीचा हुकूम हाती पडला की निघतो आणि निवडणुकीत तर तो हमखास निघतो. आजच्या व्याख्यानात मला एवढेच दाखवायचे आहे, की हा प्रश्न निव्वळ गप्पांचा नाही. बुलढाणा जिल्ह्याचा भूगोल, त्याचा इतिहास आणि त्याचे अर्थकारण या तिन्हींची किल्ली त्या एका शब्दात आहे.

प्रथम नकाशा डोळ्यांपुढे आणू. विदर्भाच्या पश्चिम टोकाला असलेला हा जिल्हा सुमारे ९,६६१ चौरस किलोमीटरांचा आहे. त्यात तेरा तालुके असून २०११ च्या शिरगणतीत लोकसंख्या २५ लाख ८६ हजार भरली. उत्तरेला सातपुडा, मध्ये पूर्णेचे सपाट खोरे आणि दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचे पठार, असे याचे तीन पट्टे पडतात. मलकापूर, मोताळा, नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव आणि खामगाव हे साधारणपणे घाटाखालचे तालुके होत. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा आणि देऊळगाव राजा हे घाटावरचे. मलकापूरहून येणारी एस. टी. राजूर घाट चढून बुलढाण्यात शिरते, तेव्हा खिडकीतून येणारी हवा बदलते, हा अनुभव आपणा सर्वांना आहे.

परंतु घाट म्हणजे केवळ चढ नव्हे. तो पाण्याचा वाटाडा आहे. पैनगंगा बुलढाणा तालुक्यात मढ गावाजवळ उगम पावते, आग्नेयेकडे वळते आणि वर्धा, प्राणहिता, गोदावरी अशी वाट धरून बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच डोंगराच्या उत्तर उतारावरून निघणाऱ्या नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा या नद्या पूर्णेला मिळतात आणि त्यांचे पाणी तापीतून अरबी समुद्रात जाते. पावसाचे दोन थेंब हातभर अंतरावर पडावेत आणि एक पूर्वसमुद्राला तर दुसरा पश्चिमसमुद्राला जावा, अशी ही भूमी आहे. आणखी एक गंमत सांगतो. आपल्याकडे पूर्णाही दोन आहेत. घाटाखालची तापीला जाते. घाटावरची, जिला आपण खडकपूर्णा म्हणतो, ती गोदावरीला जाते.

आता या दोन भागांच्या जमिनीकडे पाहा. घाटाखाली पूर्णेने हजारो वर्षे आणून टाकलेली काळीभोर, खोल माती आहे. अशी माती लाभलेला शेतकरी भाग्यवान समजावा. पण नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा पसरलेला आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून जाणाऱ्या या पट्ट्यात विहिरीला पाणी लागते, पण ते खारट असते. ते पिण्याच्या कामाचे नाही आणि शेतालाही सोसत नाही. काळ्या चिकण मातीतून पाण्याचा निचरा लवकर होत नाही. खारे पाणी दिले तर ते वर उडून जाते आणि क्षार मातीतच राहतात. दोन-चार हंगामांत जमीन चोपण होते. घाटावर याच्या उलट. तिथले पाणी गोड, पण माती बहुतेक ठिकाणी उथळ. वीत-दोन वीत खणले की मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. या पाषाणात पाणी साठते ते भेगांत आणि झिजलेल्या थरांत, म्हणून चैत्र उजाडला की विहिरी तळ दाखवतात. तात्पर्य, जिथे माती आहे तिथे गोड पाणी नाही, आणि जिथे गोड पाणी आहे तिथे ते पुरत नाही. जिल्ह्याच्या निम्म्याअधिक अडचणी या एका वाक्यातून निघतात.

इतिहासानेही हीच विभागणी मानलेली दिसते. राजकारण घडले ते घाटावर. सिंदखेड हे लखुजी जाधवांचे वतनाचे गाव. जिजाबाईंचा जन्म तेथे १२ जानेवारी १५९८ रोजी झाला, असे मानले जाते. १६२९ मध्ये निजामशहाच्या दरबारात दौलताबादेस लखुजींची पुत्रांसह हत्या झाली. सिंदखेडची त्यांची समाधी आजही पाहणाऱ्याला थांबवते. पुढे १७२४ मध्ये साखरखेर्ड्याच्या रणात निजामउल्मुल्काने मुबारिजखानाचा पराभव केला. त्या लढाईत मुबारिजखान पडला आणि दक्षिणेत निजामाचे स्वतंत्र राज्य उभे राहिले. सव्वादोनशे वर्षे टिकलेल्या हैदराबाद राज्याचा पाया आपल्या जिल्ह्यातील एका लहान गावाच्या शिवारात घातला गेला, हे किती जणांच्या ध्यानी आहे? १७५७ च्या अखेरीस याच भागात, सिंदखेडला, मराठ्यांनी निजामाला कोंडीत धरले आणि त्याला तह करावा लागला.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. १८६४ च्या सुमारास नैऋत्य वऱ्हाड म्हणून जो जिल्हा निघाला, त्याचे ठाणे प्रथम मेहकरला होते आणि नंतर थंड हवेच्या बुलढाण्यास आले. खामगाव आणि जळगाव हे तालुके मात्र १९०५ मध्ये अकोल्यातून इकडे जोडले गेले. म्हणजे कचेरी घाटावर आणि मोठी बाजारपेठ घाटाखाली, ही आजची रचना तेव्हाची आहे.

आणि त्या बाजारपेठेची कथा आपल्याला थेट अमेरिकेत घेऊन जाते. तिकडे आपल्या जिल्ह्यासारखा जो घटक असतो, त्याला कौंटी म्हणतात. दक्षिण अमेरिकन संस्थानांतील अशा अनेक कौंट्यांत दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी कपाशीवाचून दुसरे पीक दिसत नसे. ती पिकवीत गुलाम, आणि ती जाई लिव्हरपूलला. विलायतेच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशाहून अधिक तिथून येई. १८६१ मध्ये तिकडे यादवी युद्ध पेटले, बंदरे अडवली गेली आणि मँचेस्टरचे माग थांबू लागले. तेव्हा व्यापाऱ्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. तोवर आपला कापूस लमाणांच्या बैलांवर लादून दूर मिर्झापूरपर्यंत जाई. युद्धाच्या काळात भाव भडकले. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे मलकापूर, नांदुरा, शेगाव करीत नागपूरला पोचली. १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत अवघी तेराएक किलोमीटरांची शाखा केवळ कापसासाठी टाकण्यात आली, आणि तिच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावात आले. एका कसब्याच्या गावी, एवढ्याशा रुळासाठी, हिंदुस्थानचा व्हाइसरॉय येतो, यावरून कापसाचे वजन काय होते ते कळते.

पण या भरभराटीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. अमेरिकेतील युद्ध १८६५ मध्ये संपले, गुलाम कायद्याने मुक्त झाले, तिकडचा कापूस पुन्हा बाजारात आला आणि भाव उतरले. तिकडचा मुक्त झालेला शेतकरी वाट्याने जमीन कसू लागला आणि बी-बियाण्यासाठी दुकानदाराच्या वहीत अडकला. इकडचा खातेदार सावकाराच्या खतात अडकला. दोघांना एकमेकांचे नावही ठाऊक नव्हते, पण दोघांच्या मालाचा भाव समुद्रापलीकडे एकाच ठिकाणी ठरत होता. ज्वारीच्या जमिनी कपाशीखाली गेल्या होत्या. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी वऱ्हाडाला गाठले, तेव्हा धान्य विकत घेण्याची पाळी ज्यांच्यावर आली, त्यांच्या हाती पैसा नव्हता. पैशाचे पीक पैसा देते, परंतु भाव पडला तर ते खाता येत नाही, हा धडा त्या वेळी फार महाग पडला.

तो धडा आपण शिकलो काय? आज घाटावर आणि घाटाखालीही सोयाबीनचा विस्तार झाला आहे; कपाशी आहेच. पाऊस सरासरीने साडेसातशे-आठशे मिलिमीटरांच्या आसपास आणि तोही लहरी. २००६ मध्ये शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत बुलढाणा होता. सोयाबीनचाही भाव येथे ठरत नाही. तेलाच्या आणि पेंडीच्या जागतिक बाजारात तो ठरतो, आणि त्या बाजारात अमेरिकेतील कौंट्या पुन्हा आपल्या शेजारी येऊन बसल्या आहेत. पीक बदलले, तराजू मात्र तोच राहिला.

अमेरिकेशी आपले आणखी एक नाते आहे, आणि ते आकाशातून आले. लोणारच्या सरोवराची ओळख १८२३ मध्ये अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने बाहेरच्या जगाला करून दिली. तत्पूर्वी ऐन-इ-अकबरीतही त्याची नोंद आहे, आणि तेथील क्षार काच व साबण करण्यास उपयोगी पडत असे तीत सांगितले आहे. हे विवर ज्वालामुखीचे असावे, असे पुष्कळ काळ मानीत. १८९६ मध्ये गिल्बर्ट या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने अॅरिझोनातील कोकोनिनो कौंटीतल्या विवराशी त्याचे साम्य दाखवले, आणि १९७३ मध्ये खडकांच्या परीक्षणावरून ते अशनीच्या आघाताने झाल्याचे सिद्ध झाले. अॅरिझोनाचे विवर वाळूच्या व चुन्याच्या खडकात आहे. आपले बसाल्टात आहे, म्हणून चंद्रावरील विवरे समजून घेणाऱ्यांना लोणारचे अगत्य अधिक. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले, तेव्हा लोक घाबरले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ते क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचे काम असल्याचे सांगितले. त्याच वर्षी सरोवराला रामसर यादीत स्थान मिळाले.

उत्तर टोकाबद्दल एक शब्द. सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद तालुक्यात, निहाल लोकांची निहाली भाषा बोलली जाते. बोलणारे दोन-अडीच हजारांच्या आसपास. पण जगातील दुसऱ्या कोणत्याही भाषाकुलाशी तिचे नाते अद्याप जुळलेले नाही. लोणारचे विवर आपण कुंपण घालून राखू शकतो. भाषा मात्र मुलांनी बोलली तरच राहते.

आता समारोप. देऊळगाव राजा, सिंदखेड राजा या भागांत शेडनेटमध्ये भाजीपाल्याचे बियाणे तयार करण्याचा धंदा उभा राहिला आहे. थोडी जमीन, मोजके पाणी आणि पुष्कळ मेहनत, हे घाटावरच्या परिस्थितीला शोभणारे गणित आहे. खारपाणपट्ट्यात पावसाचे गोड पाणी शेततळ्यात धरून ठेवणे, हे घाटाखालच्या परिस्थितीला शोभणारे. वैनगंगेचे पाणी चारशेहून अधिक किलोमीटर कालव्याने नळगंगेपर्यंत आणण्याच्या योजनेला राज्य शासनाने २०२४ मध्ये मान्यता दिली. पण चिकण, निचरा नसलेल्या जमिनीत मोठे पाणी सोडायचे तर निचऱ्याचा विचार आधी केला पाहिजे, नाहीतर खालचे क्षार वर येतील. घाटावरून जाणारा समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये पूर्ण झाला. परंतु १८७० च्या रुळाने शिकवलेली गोष्ट विसरू नये : रस्ता माल बाहेर नेतो, तसाच भावही बाहेरून आणतो. माल कच्चा जातो की पक्का होऊन जातो, यावर गावात काय उरते ते ठरते.

म्हणून पुढच्या वेळी कोणी ‘घाटावरचे की घाटाखालचे?’ असे विचारले, तर हसून सोडू नका. त्याला उलट विचारा, ‘तुमच्या विहिरीचे पाणी कसे आहे, आणि शेतातला माल कुठे जातो?’ या दोन प्रश्नांची खरी उत्तरे गावोगाव गोळा झाली, तर जिल्ह्याची योजना आखायला निम्मे काम झाले असे समजावे.