एकवीस खुर्च्यांचा कारभार

ब्राझीलमध्ये ‘डॉट बीआर’ने संपणारे संकेतस्थळाचे नाव घ्यायचे तर वर्षाला ४० रेआल भरावे लागतात. अशा नावांची संख्या ५० लाखांच्या पुढे गेली आहे, म्हणजे जमणारी रक्कम लहान नाही. ती सरकारी तिजोरीत जात नाही आणि कुठल्या भागधारकाच्या खिशातही जात नाही. साओ पाउलोतली ‘निक बीआर’ ही ना-नफा संस्था ती गोळा करते आणि ती कुठे लावायची याची दिशा २१ जणांची एक समिती ठरवते. या २१ जणांत सरकारचे नऊ. उरलेले १२ सरकारबाहेरचे. त्यांतल्या चार खुर्च्या नागरी संघटनांच्या आहेत आणि तिथे कोण बसणार हे त्या संघटनाच मतदान करून ठरवतात.

ही ब्राझीलची इंटरनेट सुकाणू समिती. पोर्तुगीज आद्याक्षरांवरून तिला ‘सीजीआय’ म्हणतात. इंटरनेटच्या कारभारात नागरिकांचा सहभाग हवा, असे आज प्रत्येक जागतिक परिषदेच्या ठरावात लिहिलेले असते. तो सहभाग रोजच्या कामकाजात कसा दिसतो, हे पाहायचे तर या समितीकडे पाहावे.

आधी संघटना, मग बाजार

ब्राझीलला ‘डॉट बीआर’ हा नामविभाग एप्रिल १९८९ मध्ये मिळाला. जगाच्या नावांची वही तेव्हा कॅलिफोर्नियातले संशोधक जॉन पोस्टेल सांभाळत. त्यांनी तो ‘फापेस्प’ या साओ पाउलो राज्याच्या संशोधन निधी संस्थेकडे सोपवला. तिथे जाळे उभे करणाऱ्यांत डेमी गेचको हे अभियंते होते. पुढे अनेक वर्षे ते समितीत इंटरनेटतज्ज्ञांच्या खुर्चीवर बसले.

त्याच १९८९ मध्ये रिओत दुसरी एक गोष्ट घडत होती. लष्करी राजवटीत परागंदा झालेले समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट डी सूझा मायदेशी परतले होते आणि १९८१ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत ‘इबासे’ ही संस्था काढली होती. ‘बेतिन्यो’ या लाडक्या नावाने अख्खा देश त्यांना ओळखे, कारण पुढे भूकमुक्तीची मोठी मोहीम त्यांनीच चालवली. कार्लोस अफोन्सो हे त्यांचे साथी. ‘इबासे’ने १९८९ मध्ये ‘आल्टरनेक्स’ नावाचे संगणकजाळे सुरू केले, ते स्वयंसेवी संस्थांना एकमेकींशी आणि जगाशी जोडण्यासाठी. १९९२ मध्ये रिओत वसुंधरा परिषद भरली, तेव्हा जगभरातून आलेल्या संघटनांना ईमेल आणि माहितीची देवाणघेवाण याच मंडळींच्या खटपटीमुळे शक्य झाली. ब्राझीलमध्ये इंटरनेटचा बाजार त्यानंतर, १९९५ च्या सुमारास उघडला. तोवर नागरी संघटनांना या तंत्राची चांगली सवय झाली होती. कारभाराच्या टेबलाशी त्या बसल्या, त्या स्वतः जाळे चालवल्याच्या अनुभवाच्या बळावर.

समिती मे १९९५ मध्ये दोन मंत्रालयांच्या संयुक्त आदेशाने जन्माला आली. सुरुवातीला सदस्य सरकारच नेमत असे. खरा बदल सप्टेंबर २००३ च्या राष्ट्राध्यक्षीय आदेशाने झाला. त्याने खुर्च्यांची वाटणी ठरवली: सरकार नऊ, उद्योग चार, नागरी संघटना चार, विद्यापीठे व संशोधक तीन आणि एक इंटरनेटतज्ज्ञ. उद्योग, संघटना आणि संशोधक यांचे प्रतिनिधी तेव्हापासून तीन वर्षांसाठी निवडून येतात. संस्थांनी मतदार म्हणून नाव नोंदवायचे, आपल्या गटातल्या उमेदवाराला मत द्यायचे. आपल्याकडे सहकारी संस्थेचे सभासद संचालक मंडळ निवडतात, तशीच ही रीत. सदस्यांना मानधन नाही.

पैसा आणि जागा दोन्ही हक्काचे असले की कामाला कसा जोर येतो, ते नंतरच्या वर्षांत दिसले. नावांच्या शुल्कातून संगणक-सुरक्षेचे पथक चालते. कंपन्यांची जाळी जिथे एकमेकांना मिळतात ती देवाणघेवाणीची केंद्रे चालतात, आणि त्यांतले साओ पाउलोचे केंद्र जगातल्या सर्वांत मोठ्या केंद्रांत मोडते. २००५ पासून घरोघरी जाऊन इंटरनेट-वापराची पाहणीही होते. कुणाच्या घरी जोडणी आहे, कोण फक्त मोबाइलवर अवलंबून आहे, याची आकडेवारी सर्वांना खुली असते. त्यामुळे वंचितांची बाजू मांडणाऱ्या संघटनेच्या हाती भक्कम पुरावा असतो.

एका बंद दाराची गोष्ट

समितीचे काम जवळून पाहायचे तर २५ क्रमांकाच्या पोर्टची हकिकत सांगायला हवी. पोर्ट म्हणजे संगणकात ये-जा करण्याचे क्रमांक दिलेले दार. एका मेल सर्व्हरकडून दुसऱ्याकडे पत्रे जातात ती २५ व्या दारातून. घरगुती संगणकाला व्हायरसची लागण झाली की तोही याच दारातून, मालकाच्या नकळत, हजारो नको असलेली पत्रे थेट जगभर धाडू लागतो. २००९ च्या सुमारास स्पॅम पाठवणाऱ्या देशांच्या यादीत ब्राझील अगदी वर होता.

तांत्रिक उपाय ठाऊक होता. घरगुती जोडण्यांवरून २५ वे दार बंद करायचे आणि लोकांनी आपली पत्रे ५८७ व्या दारातून, पासवर्ड देऊन, आपल्या मेल सेवेकडे सोपवायची. अडचण होती ती क्रमाची आणि विश्वासाची. जोडणी देणाऱ्या कंपनीने आधी दार लावले, तर लाखो लोकांची पत्रे अडकणार आणि शिव्या कंपनीला बसणार. मेल सेवांनी आधी ग्राहकांना नव्या दाराकडे वळवायचे, तर कंपन्या पुढे दार लावतील याची हमी काय? आणि पैसे भरून घेतलेल्या जोडणीचा एक भाग बंद करणे ग्राहक कायद्यात बसते का?

समितीच्या स्पॅमविरोधी कार्यगटाने दूरसंचार कंपन्या, मेल सेवा, दूरसंचार नियामक आणि ग्राहक-संरक्षण यंत्रणा यांना एकत्र आणले. आधी मेल सेवांनी ग्राहक हलवायचे, मग कंपन्यांनी दार लावायचे, असा क्रम ठरला. यात ग्राहकाचे नुकसान नाही, उलट त्याचे रक्षण आहे, ही बाजूही मान्य झाली. २०१२-१३ मध्ये दारे बंद झाली आणि स्पॅमच्या यादीत ब्राझील झपाट्याने खाली आला. यासाठी नवा कायदा लागला नाही. प्रत्येकाचा आक्षेप नोंदला जाईल अशी एक जागा आधीपासून होती, म्हणून हे जमले.

दहा तत्त्वे आणि चार माइक

२००९ मध्ये समितीने इंटरनेटच्या कारभाराची दहा तत्त्वे जाहीर केली. पहिले तत्त्व स्वातंत्र्य, खासगीपणा आणि मानवी हक्कांचे. सहावे नेट न्यूट्रॅलिटीचे, म्हणजे जाळ्याने कुठल्याही मजकुरात भेदभाव करू नये. देशात तेव्हा सायबर गुन्ह्यांच्या एका कडक विधेयकावरून वाद पेटला होता. शिक्षा ठरवण्याआधी नागरिकांचे हक्क ठरवा, ही संघटनांची मागणी होती. त्यातून ‘मार्को सिव्हिल’ या इंटरनेट हक्कांच्या कायद्याचा मसुदा लोकांच्या सूचना खुल्या मागवून तयार झाला आणि समितीची तत्त्वे त्याचा पाया ठरली. २०११ मध्ये तो संसदेत गेला आणि कंपन्यांच्या विरोधामुळे रखडला. २०१३ मध्ये अमेरिकी गुप्तचर यंत्रणेसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकी पाळत उघड केली, राष्ट्राध्यक्ष दिल्मा रुसेफ यांच्यावरही पाळत असल्याचे कळले, आणि चक्रे फिरली.

२३ एप्रिल २०१४ रोजी साओ पाउलोत ‘नेटमुंडियाल’ ही जागतिक परिषद सुरू झाली. रुसेफ यांनी कायद्यावर सही केली ती तिथेच. यजमानपणात समितीचा मोठा वाटा होता आणि सभागृहाच्या मांडणीत तिची पद्धत दिसत होती. बोलण्यासाठी चार माइक: सरकारे, उद्योग, नागरी समाज, आणि तंत्रज्ञ व अभ्यासक. पाळी एकेका माइकची. मंत्री असला तरी आपल्या माइकच्या रांगेत उभे राहायचे. नायजेरियाच्या न्नेना न्वाकान्मा उद्घाटनाच्या सत्रात नागरी समाजाच्या वतीने बोलल्या आणि सभागृह उठून उभे राहिले.

तरीही अंतिम मसुद्यात नेट न्यूट्रॅलिटी पुढील चर्चेच्या यादीत ढकलली गेली आणि पाळतीविरुद्धची भाषा बोथट राहिली. नागरी संघटनांनी समारोपातच नाराजी नोंदवली. जागा मिळाली म्हणजे मागणी मान्य झाली असे होत नाही. पण नाराजी कुणाची आणि कशाबद्दल, हे जगासमोर नोंदले जाते.

घरच्या कायद्यात मात्र एक ठोस गोष्ट पक्की झाली. नेट न्यूट्रॅलिटीला अपवाद करायचा, तर राष्ट्राध्यक्षांना नियामकाबरोबर या समितीचेही म्हणणे ऐकून घेणे बंधनकारक आहे.

समितीच्या मर्यादा उघड आहेत. ती नियामक नाही. तिची रचना आदेशावर उभी आहे आणि आदेश सरकार बदलू शकते. २०१७ मध्ये मंत्रालयाने समितीला विश्वासात न घेता तिच्या फेररचनेवर सूचना मागवल्या, तेव्हा देशातल्या आणि बाहेरच्या संघटनांना आवाज उठवावा लागला. निवडणुकीत मत संस्थेला असते, त्यामुळे संघटनेत नसलेला माणूस बाहेरच राहतो.

आपल्यासाठी

भारतात २०१५ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीसाठी दहा लाखांहून अधिक पत्रे ‘ट्राय’ या दूरसंचार नियामकाकडे गेली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये भेदभावी दरांवर बंदी आली. लोकशक्तीचा तो मोठा विजय होता. पण प्रश्न ‘ट्राय’ने विचारला म्हणून उत्तर देता आले. कुठला प्रश्न, केव्हा आणि कोणत्या शब्दांत विचारायचा, हे ठरवताना नागरिक खोलीत नव्हते. ‘डॉट इन’ सांभाळणाऱ्या ‘निक्सी’च्या कारभारातही ग्राहक, अपंग किंवा भाषिक संघटनांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींसाठी राखीव जागा नाहीत. दहा लाख पत्रे पुन्हा जमवणे दर वेळी शक्य नसते. २५ व्या पोर्टसारख्या विषयावर तर कुणी पत्र लिहिणारच नाही, आणि इंटरनेटचे बहुतेक निर्णय असेच असतात: कंटाळवाणे, तांत्रिक आणि प्रत्येक घरापर्यंत पोहोचणारे.

म्हणूनच ब्राझीलकडून घेण्याजोगे ते त्या चार खुर्च्यांमध्ये आहे. निवडून आलेला प्रतिनिधी, ठरलेली मुदत, सरकारच्या मर्जीवर नसलेला निधी आणि खुली आकडेवारी. कोट्यवधी लोकांचे व्यवहार, शिक्षण आणि बोलणे ज्या जाळ्यावर चालते, त्याच्या कारभारात आपल्या देशातही अशा खुर्च्या असायला हव्यात, आणि ही मागणी ग्राहक पंचायतींपासून ग्रंथालय संघांपर्यंत सर्वांनी आजच करायला हवी.