ट्रकातलं टॉकीज

जत्रेतल्या तंबू थिएटरसमोर भोंग्यावर पुकारा सुरू झाला की सगळे तिकीटखिडकीकडे धावायचे. माझे पाय मात्र मागच्या ट्रककडे वळायचे. हौद्यात पक्का बसवलेला प्रोजेक्टर आणि त्याच्यासमोर तंबूच्या दिशेनं ठेवलेलं चौकोनी भोक, एवढीच काय ती केबिन. आत उकाडा, तापलेल्या तेलाचा वास आणि सतत खडखडाट.

अडीच तासांच्या सिनेमाची फिल्म चार किलोमीटरांहून लांब भरते. ती दोन हजार फुटी रिळांत वाटलेली असते आणि असं एक रीळ सुमारे २२ मिनिटं चालतं. रीळ वरून सरळ फिरत येतं, पण भिंगासमोर प्रत्येक चौकट क्षणभर थांबावी लागते, सेकंदाला २४ वेळा. हा धक्का फिल्मला बसू नये म्हणून, जिथं ती थांबते त्या गेटच्या वर आणि खाली तिला थोडी सैल सोडतात. खालची सैल चुकली की वेगळीच पंचाईत होते. आवाज वाचणारा दिवा चित्राच्या पुढे साधारण वीस चौकटींवर असतो. अंतर बिघडलं तर ओठ एकीकडे आणि संवाद दुसरीकडे. ऑपरेटर हे अंतर बोटांनीच जोखायचा.

एक डोळा कार्बनवर. उजेड देणाऱ्या कार्बनच्या दोन कांड्या जळत जातात तशी त्यांच्यातली फट वाढते, उजेड पिवळट पडतो आणि तंबूतून शिट्ट्या येतात. म्हणून मूठ फिरवत कांड्या जवळ आणत राहायच्या. एकच प्रोजेक्टर असेल तर रीळ संपताच अंधार, आरडाओरडा. तेवढ्यात पुढचं रीळ चढवायचं, तुटलेली फिल्म असेल तर खरवडून फिल्म चिकटवायच्या सिमेंटनं जोडायची. दादा कोंडक्यांचा सिनेमा असला तर हा अंधार लोकांना मुळीच सोसत नसे.

सिनेमाच्या इतिहासात दिग्दर्शक येतात, नट येतात. थिएटर नसलेल्या गावांत सिनेमा नेला तो या ऑपरेटरांनी आणि कनाती ठोकणाऱ्या गड्यांनी. त्यांची नोंद फार कमी झाली, याचं मला वाईट वाटतं. घरोघरी टीव्ही आला तशी गर्दी ओसरली. पुढे डिजिटल आलं, प्रिंट मिळेनाशा झाल्या आणि कार्बन सांभाळणाऱ्या हातांना काम उरलं नाही. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या याच मंडळींवर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. २०१६ साली तो कान महोत्सवात दाखवला गेला. मिळाला तर जरूर पाहा, आणि प्रोजेक्टर चालवणाऱ्यांच्या हातांकडे नीट लक्ष द्या.